चौथा कागद

आमच्या घरात आलेला कुठलाही कागद तात्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय घरचा होत नसे. लग्नाची पत्रिका असो, साखर कारखान्याचं पत्र असो की माझं प्रगतिपुस्तक, तात्या म्हणजे माझे वडील चष्मा लावायचे, पानं मोजायचे आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, 'पाने दोन. मिळाली दोन.' खाली तारीख, वेळ आणि आखूड सही. वेळही फौजेतली, दुपारचे चार म्हणजे सोळाशे. ते सैन्यात बिनतारी संदेशांच्या कामावर होते आणि हवालदार होऊन घरी आले होते. त्यांचं म्हणणं असं, की निरोप खरा का खोटा हे नंतर बघायचं, आधी तो पुरता आला का ते बघायचं, मग पाठवणारा कोण ते बघायचं. अर्ध्या निरोपावर पलटण हलवली तर माणसं मरतात. आई म्हणायची, ह्यांना न्यायला यम चिठ्ठी घेऊन आला तरी हे आधी पानं मोजतील. त्यावर तात्याच सगळ्यात मोठ्याने हसायचे.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गावात लोक म्हणत, लाउडस्पीकर दोन आहेत, एक ग्रामपंचायतीचा आणि दुसरा हवालदारांचा. उसाच्या फडात पार पलीकडच्या बांधावर असलेल्या माणसाला तात्या ओट्यावरून हाक मारायचे आणि तो माणूस वळून बघायचा. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात 'सावधान' त्यांनीच म्हणायचं, असा रिवाज पडून गेला होता. पोरं तर ताठ व्हायचीच, पण भिंतीकडेला बसलेल्या म्हाताऱ्यांचेही पाय जुळायचे. मी शिकायला सांगलीला आत्याकडे राहायला गेले, तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करत. एकेक वाक्य झालं की 'ओव्हर' म्हणत. मीही 'ऐकू येतंय, ओव्हर' म्हटल्याशिवाय पुढे बोलत नसत. आत्या पदर तोंडाला लावून हसायची. मला तेव्हा त्याची लाज वाटे, आणि लाज वाटायची याची आता वाटते.

त्या थंडीत एकदा सुट्टीला घरी गेले तेव्हा आईने घेवड्याची आमटी, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा केला होता. तात्यांनी खर्ड्याला बोट लावलं नाही. खर्ड्याशिवाय जेवण म्हणजे मीठ न घालता केलेलं लग्न, असं म्हणणारा माणूस भाकरी आमटीत कुस्करून उजव्या गालात धरून चघळत होता. आईने विचारलं तर म्हणाले, जिभेला तंबाखूचा चुना लागलाय. चुना लागून महिना झाला होता. मग मीच मागे लागून त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने आम्हाला समोर बसवून नीट, सावकाश सांगितलं. जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर आहे, अजून लहान आहे. पंधरा-वीस दिवसांत तेवढी कड कापून टाकली तर माणूस बरा होईल. बोलणं थोडं बोबडं होईल, पण राहील. परतीच्या पॅसेंजरमध्ये तात्या खिडकीतून बाहेर बघत बसले होते. ताकारी गेल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "बोबडं म्हंजे किती बोबडं?"

आईने कुणाला न विचारता मंगळवारी देवीला कौल लावला. गाभाऱ्यात जायला मलाही बरोबर घेतलं. गुरवमामांनी देवीच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईने डोळे मिटून विचारलं, "कापू द्यायचं का, आई?" बराच वेळ काहीच झालं नाही. समई फरफरत होती. मग उजवी पाकळी घसरली आणि देवीच्या पायाशी पडली. आईने मान हलवली. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, दारातून वारा येतोय, मामा, परत एकदा लावा. गुरवमामा तांब्या उचलत होते, ते थांबले.

"न्हाई बाय. येकदा इचारलं की इचारलं. दुसऱ्यांदा लावलं की देवी गप ऱ्हाती, आपलंच मन बोलतंय."

मी मनात हसले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि पाकळीने माणसाची जीभ ठरवावी हे मला रानटी वाटलं. तात्यांच्या जिभेला विचारायचंच असेल तर मी जगाला विचारणार होते. तसं विचारायची सोय सांगलीत नुकतीच झाली होती.

आत्याच्या घराजवळ टायपिंगचा एक जुना क्लास होता. तिथल्या सरांनी मागच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडून इंटरनेट सुरू केलं होतं. पुढच्या खोलीत टाइपरायटरांचा ताशा, मागे मॉडेमचं किंचाळणं, आणि दोन्हींच्या मधे हळदीच्या गोदामाकडून येणारा तो पिवळा वास. भिंतीवर सरांनी शोधायच्या चार-पाच जागांचे पत्ते टाइप करून चिकटवले होते. त्यातला कुठला चांगला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, जो लवकर उघडेल तो चांगला. मी पहिल्यांदा सरळ विचारलं, जिभेचा कॅन्सर, उपचार. हजारो निकाल सापडले म्हणून आकडा आला आणि खाली दहा नावं. मी ती बोर्डाच्या गुणवत्ता यादीसारखी वाचली. यादीत जो पहिला तो पहिला, त्याने अभ्यास जास्त केलेला असणार. ही यादी कुणी लावली, कशावरून लावली, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. यादी लावणारे खोटं कशाला लावतील, असंच मी समजत होते.

पहिल्या यादीत मोठमोठ्या विद्यापीठांची, रुग्णालयांची पानं होती. राखाडी, चित्रं नसलेली, लांबच लांब. सगळ्यांत तेच होतं, जे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लवकर कापा. मला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ऑपरेशनशिवाय जिभेचा कॅन्सर. तिसऱ्या दिवशी 'ऑपरेशनशिवाय'च्या पुढे 'बरा झाला' असं घातलं. माझ्या वहीत ते सगळे प्रश्न लिहिलेले आहेत, एकूण सात. आता ते एकाखाली एक वाचले की सरळ दिसतं, प्रत्येक प्रश्नात उत्तर थोडं थोडं जास्त भरत गेलेलं आहे. सातव्यात तर विचारायचं काही उरलंच नव्हतं. पण तेव्हा मला वाटत होतं की मी शोध घेतेय. गुरवमामांनी मला दुसरी पाकळी नाकारली होती, या यंत्राने सातही वेळा न कुरकुरता लावून दिली.

सातव्या यादीत पहिलं आलेलं पान रंगीत होतं. पांढऱ्या कोटातला एक हसरा माणूस, नावापुढे डॉक्टर, आणि मागे द्राक्षांचा मळा. सहा आठवडे फक्त द्राक्षं खायची, दुसरं काही नाही, गाठ उपाशी मरते. खाली बरे झालेल्या लोकांची पत्रं होती. त्यांतला एकजण रेडिओवर बोलणारा होता, त्याचा आवाज परत आला होता. हे वाचलं आणि माझं ठरलं. द्राक्षं तर आमच्या तासगावचीच, हंगाम ऐन भरात. जणू त्या माणसाने आमच्यासाठीच लिहिलं होतं. मी सरांना छापून द्यायला सांगितलं. छपाईयंत्र करकर करत एकमेकांना जोडलेले चार कागद बाहेर टाकत होतं. सरांनी ते उचलताना वरवर वाचले. माझ्या घरचं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "माझ्याकडं पोरं येतात, टायपिंग शिकतात. खोटा अर्जसुद्धा इतका सुबक टाइप करतात की बघत राहावं. सुबक आहे एवढंच बघू नका हो." मी हो हो म्हणाले आणि बाहेर पडले.

चौथा कागद मी आत्याच्या जिन्यात वाचला. त्यावर पावडर मागवायचा फॉर्म होता. द्राक्षांबरोबर ही पावडर घेतली तरच पूर्ण गुण येईल, असं लिहिलं होतं. आणि सगळ्यात तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, हा वैद्यकीय सल्ला नाही, उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांना भेटा. मी ते वाचलं. मला इंग्रजी येत होतं, समजलं नाही असं म्हणायला जागा नाही. तात्या मोडकंतोडकं इंग्रजी वाचत, पण फॉर्म त्यांनी लगेच ओळखला असता. म्हणाले असते, ह्यो इकणारा हाय. मी छिद्रांच्या रेघेवर कागद दुमडला आणि चौथं पान फाडून वेगळं केलं. छिद्रं असल्यामुळे ते फार सरळ फाटलं, जोर लावावाच लागला नाही. मला तात्यांचा आवाज हवा होता. जीव जाईल असं मला एकदाही वाटलं नाही, आणि तेच मला आजही कुणाला पटवून देता येत नाही.

रविवारी गावी जाऊन मी ते तीन कागद त्यांच्या हातात दिले. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरले. पहिला बघितला, दुसरा, तिसरा. परत पहिल्यावर आले आणि वरच्या कोपऱ्यात बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना मजकूर मराठीत सांगत होते, रेडिओवाल्या माणसाचं तर दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, पाठवणारा कोण? मी म्हणाले, अमेरिकेतले डॉक्टर आहेत, मोठे. ते माझ्याकडे बघत होते.

"एवढंच हाय?"

"हो तात्या. एवढंच."

"मग ठीक हाय," म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, नेहमीसारखं कोपऱ्यात काहीतरी खरडलं आणि कागद घेऊन आत गेले. आई दारात उभी होती. ती म्हणाली, देवीनं कापा म्हणून सांगितलंय, डॉक्टरनं तारीख दिलीया. आतून तात्यांचा आवाज आला, पोरीनं चवकशी केलीया, शिकल्याली हाय ती. तो आवाज अजून पहिल्यासारखाच होता. तारखेला आम्ही मिरजेला गेलो नाही.

मग घरात द्राक्षं आली. मी सांगलीहून दर रविवारी पॅसेंजरने पेट्या आणायची, काळी, लांबट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आई ती मिठाच्या पाण्यात धुवायची आणि परातीत पसरायची. घराला सगळीकडे त्यांचा गोड, थोडा आंबूस वास येऊ लागला, त्याच्या मागे माश्या आल्या. आईने स्वतःसाठी भाकरी थापणंही जवळजवळ सोडलं, कारण थापण्याचा आवाज आला की तात्या मान वळवत. ती परसात लपून कालची शिळी भाकरी खायची. तात्या मात्र फौजेतलं शिस्तीचं काम असल्यासारखे घड्याळ बघून द्राक्षं खात. पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. गुरुवारच्या फोनवर मी विचारायची, कसं वाटतंय, ओव्हर. ते म्हणत, फरक हाय, ओव्हर. चौथ्या आठवड्यात 'फरक'मधला 'र' मला नीट ऐकू आला नाही. मी लाइन खराब आहे असं धरून चालले. मी आजही द्राक्ष तोंडात घालत नाही. कुणी विचारलं तर ॲसिडिटी सांगते.

सहा आठवडे संपले तेव्हा मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. मिरजेच्या डॉक्टरांनी ती चाचपली, आमच्याकडे बघितलं आणि रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढे दिवस कुठे होता, एवढंच विचारलं. तात्यांनी माझ्या आधी उत्तर दिलं, "उसाची तोड आलती, सायब." त्या वर्षी आमची तोड डिसेंबरातच झालेली होती. मग त्यांची सगळी जीभ काढली, डावीकडचा जबडाही काढला. ते आत असताना मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत होते. उभ्या एकोणीस आणि आडव्या बत्तीस. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती आणि मला काहीही वाटत नव्हतं. दुःख नाही, भीती नाही, अपराधीपणाही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तशी मी होते. ती सुई पुढे कितीतरी वर्षं उतरली नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हाही मी पुष्कळदा बाहेरून बघितल्यासारखीच हजर होते.

घरी आल्यावर तात्यांना पाटी-पेन्सिल दिली. पाणी. रेडिओ. उशी. बैलाला पेंड घातली का. अक्षर पहिल्यासारखंच गोल. गुरुवारचा फोन त्यांनी बंद केला नाही. आई बूथवर बरोबर जायची, गावची खबर सांगायची आणि मग रिसीव्हर त्यांच्याकडे द्यायची. ते नखाने रिसीव्हरवर टक टक करायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. शेवटी तीन वाजवायचे, ते ओव्हर. मी सांगलीत फोन कानाला लावून म्हणायची, ऐकू येतंय. पंधरा ऑगस्टला शाळेने त्यांना खुर्ची दिली. सावधान मास्तरांनी म्हटलं. तात्या खुर्चीतून उठले आणि उभे राहिले. पाटीवर त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, की ते कागद काय होते, कुणाचे होते. मी वाट बघत होते. दर रविवारी, चहा पिताना, त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला की मी कप खाली ठेवायची. ते लिहायचे, बस मिळेल ना.

आता मी सांगलीतच एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, पन्नाशीला टेकलेय. मुलं फोन पुढे करून विचारतात, मॅडम, इथे असं लिहिलंय, खरंय का? मी त्यांना सांगते, आधी शेवटपर्यंत खाली जा, तळाला काय आहे ते वाचून या. आणि जे उत्तर बघून आनंद झाला त्याच्यावर दुप्पट संशय घ्या. ती लिहून घेतात. हे कुठल्या पुस्तकात आहे असं एकीने विचारलं होतं. मी म्हणाले, पुस्तकात नाही. देवीला कळत होतं की नाही ते मला आजही ठाऊक नाही, पाकळी वाऱ्यानेही पडली असेल. पण आईने नको असलेलं उत्तर एकदाच ऐकून घेतलं आणि ती मंदिरातून बाहेर पडली. मला ते जमलं नाही.

तात्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी आईच्या पेन्शनचे जुने कागद काढायला मी त्यांची काळी ट्रंक उघडली. सगळं गठ्ठे बांधून, तारीखवार. पेन्शन, जमीन, माझी प्रगतिपुस्तकं. त्यांच्याखाली ते तीन कागद होते, कडेची छिद्रं अजून तशीच. मी पहिल्यांदाच त्यांचा वरचा कोपरा नीट बघितला. यंत्राने प्रत्येक पानावर आपण होऊन बारीक इंग्रजीत छापलं होतं, चारपैकी पान एक, चारपैकी पान दोन, चारपैकी पान तीन. आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, त्या गोल अक्षरात:

'पाने चार. मिळाली तीन. चौथे मागितले नाही.'

खाली त्याच रविवारची तारीख होती, सतराशे तीस अशी वेळ आणि सही. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. इतकी वर्षं बधिर असलेली जागा तेव्हा दुखायला लागली, आणि मी ट्रंकेपाशी बसून पदराने तोंड दाबून रडले. मला वाटत होतं मी त्यांना फसवलं. त्यांनाही तो आवाज माझ्याइतकाच हवा होता.

चौथा कागद माझ्या वहीत अजून होता. तो आणून मी त्या तिघांच्या खाली ठेवला आणि ट्रंक लावली.